खिल्लारे साहेबांचा दुसरा काटा

परवा बाजारात एका भाजीवालीने मला वांगी तोलून दिली आणि मी हात पुढे करून तिच्या काट्यावरचं ताट उचललं, उलटं केलं आणि चष्मा वर सरकवून खालून पाहिलं. ती बघतच राहिली.

"काय हारपलं व्हय, आजी?"

"न्हाई गं. सवय हाय."

बॅटरीवरचा काटा तो. त्याच्या ताटाखाली धुळीशिवाय काय असणार! मी ओशाळून वांगी पिशवीत टाकली आणि त्या गडबडीत पैसे न देताच चालायला लागले. म्हणजे तपासणी करणारीच चोर निघाली. तिने हाक मारली, मी परत आले, दोघी हसलो. पण रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले, कारण ती सवय माझी नव्हतीच. ती खिल्लारे साहेबांची.

दौलतराव खिल्लारे परभणीच्या वजनमापे ऑफिसात निरीक्षक होते आणि मी तिथली टायपिस्ट. पुढे मी हेडक्लार्क झाले, रिटायर झाले, आजी झाले. त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'टायपिस्टबाई'च राहिले. नोकरीच्या अखेरीला विद्यापीठाच्या बाजूला आम्ही दोघांनी प्लॉट घेतले, ते नेमके भिंतीला भिंत लागून. योगायोग म्हणा. मी तरी योगायोगच म्हणते. आमचे हे हयात होते तेव्हाही मी तसंच म्हणायची.

साहेब उंच, सावळे, अंगाने सडसडीत. पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात कायम एक लोहचुंबक. पारड्याखाली कुणी लोखंड डकवलंय का ते पाहायला. त्या चुंबकाला किल्ल्या, टाचण्या, कधी माझी हरवलेली सेफ्टी पिनसुद्धा चिकटलेली असायची. कागदावर त्यांचं मराठी एकदम शुद्ध, पण तोंड उघडलं की पालम तालुका बाहेर यायचा. आणि हातात येईल ती वस्तू उलटी करून बघणं. चहा द्यायचा तर आधी रिकामा कप हातात द्यायचा, ते तो उलटा करत, बूड न्याहाळत, मग म्हणत, "हं, वता." लग्नाच्या पंगतीत पत्रावळ उलटी करून बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या बायकोने, नलूताईंनी, मला एकदा सांगितलं, "लगीन होऊन घरात आले त्या दिवशी यानी पाटा उलटा करून बघितला, वरवंटा उलटा करून बघितला. म्या म्हणलं, आता माझा नंबर!"

आपण विचारलं की साहेब, असं काय असतं हो बुडाला, तर ठरलेलं उत्तर यायचं.

"वरून समदंच बरोबर दिसतंय, बाई."

मी ऑफिसात लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्वतःला पडद्यावरची नटी समजत होते. कानामागे केसांचा फुगा, नायलॉनची साडी आणि डोळ्यांवर काळा गॉगल. ऑफिस पत्र्याचं, आत दिवसाही अंधार. पण गॉगल काढायचा तर केसांचा फुगा बसतो. तेव्हा मी तो लावूनच वावरायची. रद्दीच्या टोपलीत पाय घालून दोनदा आपटले, तरी गॉगल उतरला नाही. एक दिवस साहेब दौऱ्यावरून आले आणि दारातून थेट माझ्या टेबलापाशी. मी मान जराशी तिरकी केली. ते वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी माझा टाइपरायटर उचलला, उलटा केला, बुडाकडे बघितलं, परत ठेवला.

"एक पाय ढिल्ला हाय. रबर लावून घ्या," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर कित्येक दिवस मी टाइपरायटरला मॅचिंग रिबन वेणीत बांधून यायची. काय सांगू! त्या पोरीच्या कानाखाली वाजवायला आज मला कुणी टाइम मशीन दिली तर मी तिकीट काढून जाईन. पण तिथे गेल्यावर वाजवीन की तिच्या शेजारी बसून त्या दाराकडे बघत राहीन, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही.

पालमच्या बाजारातला एक शेंगांचा व्यापारी माप मारतो अशी तक्रार आली होती. साहेबांना तिथलं लहानसहान लेकरूही ओळखायचं, म्हणून अनोळखी गिऱ्हाईक म्हणून मला न्यायचं ठरलं. जीपमध्ये साहेबांनी बजावलं, "काई बोलू नका. किलोभर शेंगा मागा, पैसे द्या, पुडा घेऊन या. बास."

मी दुकानात गेले. मागितल्या शेंगा. त्याने भाव सांगितला. आता भाव सांगितल्यावर बाईमाणूस गप्प बसेल का? माझ्या आईने मला घासाघीस करायला शिकवलं होतं, कायदा शिकवला नव्हता. मी म्हटलं, एवढा भाव असतो का, परभणीत तर अमुक आहे, वरून काही घाला. त्याने मूठभर घातल्या. मी म्हटलं, बायकांची मूठ आहे का ही? त्याने आणखी एक घातली. विजयी मुद्रेने मी पुडा आणून साहेबांच्या हातात दिला. साहेब तो घेऊन ताठ मानेने दुकानात शिरले, भोवती गर्दी जमली, त्यांनी मखमली पेटीतली पितळी वजनं काढली, पुडा तोलला. किलोपेक्षा जास्त!

गर्दी फिदीफिदी हसायला लागली. व्यापारी हात जोडून म्हणाला, "साहेब, मी तर गिऱ्हाइकाला जास्तीच देतो. तुमच्या बाईनाच इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गॉगल लावला. एवढंच माझ्या हातात होतं.

मग ते पुढे झाले, व्यापाऱ्याचं पारडं साखळीसकट उचललं आणि उलटं केलं. खाली मेणाचा अंड्याएवढा गोळा.

परतताना मी जीपमध्ये खिडकीबाहेर बघत बसले होते. रडू येत होतं. गॉगलचा त्या दिवशी पहिल्यांदा खरा उपयोग झाला. साहेबांनी पुड्यातल्या शेंगा परत तोलल्या, किलोच्या वरच्या होत्या तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि कागदावर माझ्यासमोर धरल्या. "ह्या तुमच्या. पुराव्यात किलोच जाईल." थोडं थांबून म्हणाले, "घासाघीस मातर लय चांगली करता."

नवऱ्याने पुढे मला सोन्याच्या पाटल्या केल्या. त्या कधी मोडल्या तेही नीट आठवत नाही. हे वाक्य अजून आहे.

पण साहेबांच्या आयुष्यातली मोठी तपासणी पालमची नव्हे, देवगाव फाट्याची. तिथे रस्त्याच्या अल्याड एक आणि पल्याड एक असे कापसाचे दोन काटे होते, दोन वेगळ्या व्यापाऱ्यांचे. कापूस घेऊन येणारा माणूस एकीकडे भाव पटला नाही की बैलं वळवायचा आणि दुसरीकडे जायचा. नुसतं वळवायला लागला तरी भाव चार पैशांनी वर यायचा. मग एका हंगामात अल्याडच्या शेटने पल्याडचा काटा विकत घेऊन बंद ठेवला. तक्रारी सुरू झाल्या. साहेब गेले, दिवसभर काटा तपासला. मी पंचनामा टाइप करायला सोबत होते. काटा बिनचूक होता. बुडालाही काही नाही. फक्त आता भाव पटत नाही म्हणणाऱ्याला शेट पल्याड बोट दाखवायचा, "जा की मग तिकडं," आणि गड्यांसकट हसायचा.

साहेब बाभळीखाली येऊन बसले. त्यांचा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"काटा बरोबर हाय, टायपिस्टबाई," म्हणाले. "आन माप चुकायलंय. आता ह्याचं बूड कुठून बघावं?"

दोन काटे एकाच्या हातात जाऊ नयेत हे बघणं आमच्या खात्याचं कामच नव्हतं. वरच्या साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं. मग खिल्लारे साहेबांनी एक हिकमत केली. धंद्याच्या जागी काटा उभा असेल, तर तो वापरा न वापरा, त्याची तपासणी व्हायला हवी, हे मात्र आमच्या खात्याचं काम होतं. तेव्हा ते पल्याडच्या त्या बंद काट्याच्या तपासणीला जायला लागले. पुन्हा पुन्हा. गंज आला का? दुरुस्त करा. दांडी हलेना? तेल घाला. शिक्का जुना झाला? नवा मारून घ्या. शेट वैतागला, म्हणाला, अहो साहेब, मी तो वापरतच नाही! साहेब म्हणाले, "मग कशाला ठिवलाव?" शेवटी शेटने तो काटा तिसऱ्याच एका माणसाला विकून टाकला, आणि त्या तिसऱ्याने फाट्यावरच जागा धरून कापूस घ्यायला सुरुवात केली. बैलं पुन्हा वळायला लागली.

त्या संध्याकाळी साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना जिलेबी दिली. तोलून.

असा माणूस घरात असला की घरच्यांचं काय होत असेल? नलूताईंनी हसण्यावारी नेलं. त्यांच्या मुलीला, सुजाताला, ते जमलं नाही.

सुजाता एकुलती एक. शिकताना तिला वर्गातला एक मुलगा आवडला. घरचं भुसार दुकान, आपल्याच समाजातली माणसं, दोन्हीकडे पसंती. साहेब आणि नलूताई त्यांच्या घरी बोलणी करायला गेले. चहापाणी झालं. मुलाच्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने साहेबांना खाली दुकान दाखवायला नेलं. साहेबांनी दुकान पाहिलं, "छान हाय" म्हणाले, आणि बोलता बोलता हात गेलाच. पारडं उलटं झालं. खाली चिंच थापलेली होती.

पाहून न पाहिल्यासारखं केलं असतं तर? मी हे नलूताईंसमोर एकदा बोलून गेले. त्या म्हणाल्या, "रातभर जागेच व्हते. सकाळी वजनांची पेटी घेऊन गेले." पंचनामा झाला, लग्न मोडलं. सुजाता ओरडली नाही, रडली नाही. बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी एकदा तरी नुसतं वरून बघायचं होतं."

ती पुण्याला गेली, तिथून परदेशात. नोकरी, संसार सगळं तिकडेच. नलूताई होत्या तोवर फोनवर बोलणं व्हायचं. त्या गेल्यावर बापलेकीत फक्त प्रश्नपत्रिका उरली. बरं आहे ना? बरं आहे. औषध घेता ना? घेतो. थंडी आहे का? आहे. ठेवू? ठेव. फोन ठेवल्यावर साहेब मोबाइल उलटा करून बघत बसायचे. तिथे काय दिसणार!

एक दिवस त्यांच्याकडे मोठं खोकं आलं. मी भिंतीवरून डोकावले.

"काय आलं हो, साहेब?"

"सुजाचं पार्सल हाय. टीव्हीला लावायचा डबा. खेळायचा."

"तुम्ही? खेळणार?"

"तिला इचारा."

मी इतकी हसले की हातातली वाळवणाची चाळणी पलीकडे पडली. साहेबांनी ती उचलली, उलटी करून पाहिली आणि परत दिली.

तो खेळ मारामारीचा नव्हता. त्यात एक मोकळं माळरान असायचं आणि आपण तिथे गाव वसवायचं. विहीर खणायची, पेरायचं, घरं बांधायची, बाजार भरवायचा. सुजाता तिकडून तिच्या टीव्हीवर, साहेब इकडून त्यांच्या टीव्हीवर, पण गाव एकच. तिची सकाळ ती यांची संध्याकाळ. साहेब अंगात बनियन, कानावर हेडफोन, दोन हातांचं ते रिमोट धरून पाटावर बसल्यासारखे ताठ बसायचे. पहिले कितीतरी दिवस त्यांचा माणूस नुसता विहिरीत पडायचा, आणि सुजाताचा माणूस येऊन त्याला बाहेर काढायचा. बोलणं नाहीच. पण खांद्याला खांदा लावून दोघं बांध घालतायत हे मी खिडकीतून पाहायची, आणि तोंडाला पदर लावून हसायचंही विसरून जायची.

मग एकदा साहेब धावतच माझ्या ओट्यावर आले. त्या वयात धावत.

"टायपिस्टबाई, हासली!"

"कोण?"

"सुजा. तिनं बाजारात तराजू ठिवला. म्या म्हणलं, सुजा, हे उलटं कसं करायचं असतंय? कोणतं बटन हाय? तर हासली. लय हासली. थांबंच ना."

ते माझ्यासमोर उभे राहून ते पुन्हा सांगायला लागले, मग पुन्हा. मी त्यांना कप दिला. पहिल्यांदाच तो उलटा न करता त्यांनी पुढे केला. मग लक्षात आलं, आणि उलटा केला.

त्यानंतर प्रश्नपत्रिका बंद झाली. गावाच्या निमित्ताने ती बोलायला लागली. बाबा, आई इथे तुळस लावायला सांगायची ना? बाबा, आपल्या जुन्या घराला पायऱ्या किती होत्या हो? लग्न मोडल्याची गोष्ट मात्र दोघांनीही काढली नव्हती. पण गाव त्या दिशेने वाढत होतं, असं मला वाटायचं.

आणि एवढ्यात ती बातमी आली. ज्या कंपनीने हा खेळ बनवला होता, ती विकत घ्यायला एक भली मोठी कंपनी निघाली. या मोठ्या कंपनीचा खेळण्याचा स्वतःचा वेगळा डबा होता. साहेबांच्या टीव्हीखाली आणि सुजाताच्याही टीव्हीखाली होता तो तिच्या स्पर्धक कंपनीचा. उद्या तिने ठरवलं की खेळ यापुढे फक्त आमच्याच डब्यावर, तर?

"तर काय, तसला डबा घ्या," मी म्हटलं.

"सुजाला इचारलं म्या. डबा मिळंल, गाव यायचं न्हाई. नव्यानं माळरानापासून." साहेब खाली बघत म्हणाले. "आन परत वसवायला तिला तरी कुठं येळ? आता पडलीय सवय म्हणून येतीय. एकदा का खंड पडला..."

त्यांनी मोबाइल उलटा करून पाहिला.

एवढा मोठा सौदा नुसत्या पैशांवर होत नाही, हे त्याच बातमीत होतं. देशोदेशीची सरकारी कार्यालयं आधी तपासतात की या खरेदीमुळे बाजारात दुसऱ्या कुणाला जागा उरेल का, गिऱ्हाइकाला दुसरीकडे वळता येईल का. मी हे वाचून दाखवलं तेव्हा साहेब खुर्चीतून उठलेच.

"म्हंजी दोन काटे एका हातात जायलेत का, हे बगणारं खातं हाय?"

"आहे. आपल्याकडे दिल्लीतही आहे."

"आमच्या येळेला कुठं गेल्तं हे?" ते हळूच म्हणाले. मग छाती पुढे काढून, "हे आपलंच खातं हाय, टायपिस्टबाई. लय शिकून मोठं झालंय, एवढंच."

त्यानंतर रोज संध्याकाळच्या आधी ते मोबाइल घेऊन माझ्याकडे यायचे. इंग्रजी त्यांना येत होतं, पण माझ्याकडून ऐकायला आवडायचं. मी तरी असंच धरून चालले. मी वाचायची आणि ते कुस्ती ऐकावी तसं ऐकायचे. एका देशातलं कार्यालय अडवायला गेलं आणि कोर्टात हरलं, त्या दिवशी साहेबांनी चहा तसाच सोडला. दुसऱ्या देशातल्या कार्यालयाने सौदा रोखला, त्या दिवशी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"कोणाला इचारून रोखला? लिव्हलंय का?"

"गिऱ्हाइकांना विचारलं म्हणे. बाकीच्या कंपन्यांनाही."

"बरोबर. बैलं वळवणाऱ्यालाच इचारावं लागतंय. काटेवाला काय, चांगलंच सांगणार."

"ती कंपनी म्हणते, आम्ही खेळ कुणाचा बंद करणार नाही, शब्द देतो."

"फाट्यावरच्या शेटनंबी दिल्ता," साहेब म्हणाले.

कॉलनीत सगळ्यांना वाटायला लागलं की म्हाताऱ्याने शेअर घेतलेत. कुणी विचारायचं, "साहेब, किती लावलेत?" साहेब म्हणायचे, "समदे." आणि पुढे निघून जायचे.

मीही त्यांना चिडवायची. कुठला परदेशातला सौदा आणि कुठे आमची परभणी! पण संध्याकाळी ते गावात जाऊन बसले की मी भिंतीशी उभी राहून ऐकायची. त्यांच्या आवाजात घाई आली होती. आधी दोघं संध्याकाळभर एक कुंपण घालत; आता साहेब म्हणायचे, सुजा, आज शाळा उरकू, उद्या तळं. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसासारखं ते गाव वसवत होते. आणि तिला ही भीती बोलून दाखवत नव्हते. गाव गेलं तर तू येशील का, एवढं विचारायची हिंमत, अख्ख्या जिल्ह्याच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणाऱ्या त्या माणसात नव्हती.

शेवटी एका दुपारी मी पापड वाळत घालत होते, तेव्हा ते भिंतीपलीकडून म्हणाले, "बाई, आलंय बगा काईतरी. वाचा. हळू वाचा."

मी हळू वाचलं. सौद्याला परवानगी मिळाली होती. साहेबांनी भिंतीवर हात टेकला. मी पुढे वाचलं. पण अटींवर. जिथे सौदा रोखला होता तिथे त्या मोठ्या कंपनीला खेळाच्या हक्कांतला एक हिस्सा तिसऱ्याच कंपनीला देऊन टाकावा लागला होता. आणि इतरांच्या डब्यांवर हा खेळ दहा वर्षं चालू राहील असा करार झाला होता.

"परत वाचा. तिसऱ्याला?"

"तिसऱ्याला."

"दुसरा काटा तिसऱ्याला इकायला लावला?" ते एवढ्या मोठ्याने हसले की पापडावरचे कावळे उडाले. "आवं, ही तर माझी आयडिया हाय! फाट्यावरची! ह्यांला कोणी सांगितली?"

"आणि दहा वर्षं, साहेब. खेळ कुठे जात नाही."

ते हसायचे थांबले. चुंबक खिशातून काढून हातात फिरवत राहिले. "धा," म्हणाले. "म्या आता अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याऐंशीपरेंत गाव पक्कं. लय झाले, बाई. मला धा लय झाले."

संध्याकाळी कॉलनीत जिलेबी वाटली. कुणी विचारलं, काय ठरलं का सुजाताकडे काही? साहेब म्हणाले, "ठरलं." काय ठरलं ते काही केल्या सांगितलं नाही.

त्या दहांतलं एकही वर्ष त्यांना पुरं मिळालं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, फार न रेंगाळता, दुपारच्या झोपेत. सुजाता आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी तिच्या हातात रिकामा कप दिला, माझीही ती सवयच. तिने तो उलटा केला, बूड पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतला. नंतर ती म्हणाली, "गाव आहे अजून, मावशी. मी रोज सकाळी जाते. पाणी घालून येते."

मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पण मला साहेब आठवतात ते एका खिडकीतून पाहिलेले. जिलेबीनंतरचे दिवस ते. मी धपाटे केले होते, ताटलीत झाकून त्यांच्याकडे निघाले होते. दिवेलागणीची वेळ. वीज गेलेली, पण त्यांचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालू. खोलीत त्याचाच काय तो उजेड. साहेब माझ्याकडे पाठ करून बसले होते, कानावर हेडफोन. टीव्हीवर गाव दिसत होतं. तळं, शाळा, बाजार, बाजारात समोरासमोर दोन काटे. आणि एक नवं घर. दाराशी तुळस, समोर पायऱ्या. सुजाताचा माणूस त्या घराच्या दारात उभा होता. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. साहेबांचं तेवढं ऐकू आलं.

"खालून? पाया?"

त्यांचा हात रिमोटवर होता, हलत नव्हता.

"न्हाई गं, सुजा. न्हाई बगत. वरून लय छान दिसायलंय."

पुढचं तिच्याकडचं बोलणं असावं, कारण ते नुसतं "हां... हां गं..." करत राहिले, आणि मध्येच हात वर करून त्यांनी डोळे पुसले.

मी दार वाजवलं नाही. खिडकीबाहेर तशीच उभी होते, हातात गार होत चाललेले धपाटे घेऊन, केसांचा फुगा कधीच बसलेली, गॉगल नसलेली. आणि बावीस वर्षांच्या त्या खुळ्या पोरीसारखी वाट बघत होते की हा माणूस एकदा तरी मागे वळून बघेल. त्यांचा माणूस हळूहळू पायऱ्या चढला, दारात जरासा थांबला, आणि आत गेला.